न्यायालयांच्या सुरक्षेला एक जबाबदार प्रमुख द्या : केंद्रीय विधी व न्यायमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय विधी व न्यायमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
स.न.वि.वि.

मी विदर्भातल्या एका जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. माझी मागणी एकच आहे. देशातल्या न्यायालयांच्या सुरक्षा व्यवस्थापनाला एक पूर्णवेळ प्रमुख नेमा, त्याला पाहणीचे खरे अधिकार द्या आणि त्याला न्यायपालिकेला उत्तरदायी ठेवा.

आज एखाद्या न्यायालयाच्या सुरक्षेची जबाबदारी कोणाची, असे विचारले तर उत्तरात पाच नावे येतात. फाटकावरचा शिपाई पोलीस अधीक्षकांचा. इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाची. कच्चा कैदी कारागृहाचा आणि त्याला आणणारी कैदी पार्टी पोलीस मुख्यालयाची. कॅमेऱ्यांचा निधी एका ठिकाणाहून येतो, दुरुस्तीसाठी दुसऱ्या ठिकाणी पत्र पाठवावे लागते. या सगळ्यांची मोट बांधायची ती प्रधान जिल्हा न्यायाधीशांनी, आणि तीही दिवसभराचे बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या सुनावण्यांची यादी, संपवून. एखादा न्यायाधीश मनापासून लक्ष घालतो, बैठका घेतो, दोन-तीन वर्षांत व्यवस्था रुळावर आणतो आणि मग त्याची बदली होते.

सोमवारी सकाळी साडेदहाला कोणत्याही जिल्हा न्यायालयाच्या फाटकावर उभे राहून पाहा. मेटल डिटेक्टरची चौकट प्रत्येक माणसागणिक वाजते, कारण प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आणि किल्ल्या असतात. सगळ्यांनाच वाजते म्हटल्यावर कोणालाच थांबवले जात नाही. पिशवी उघडायला सांगितली जाते ती खेड्यातून आलेल्या, धोतर-टोपीतल्या पक्षकाराला. महिला पोलीस हजर नसेल तर बायकांच्या पर्स तशाच आत जातात. आणि काळा कोट घातलेल्याला तर कोणी अडवतच नाही. बंदोबस्तावरचा शिपाई बहुधा आदल्या रात्रीची ड्युटी करून आलेला असतो, उद्या तो मोर्चाच्या बंदोबस्ताला जाईल आणि त्याच्या जागी या आवाराची काहीच माहिती नसलेला दुसरा येईल. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. या कामाचे प्रशिक्षण त्याला कोणी दिलेले नसते.

या काळ्या कोटाबद्दल स्पष्ट लिहायलाच हवे. २४ सप्टेंबर २०२१ रोजी दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात जितेंद्र गोगी या गुंडाला न्यायदालनातच गोळ्या घालण्यात आल्या. दोन्ही हल्लेखोर वकिलांच्या वेशात आले होते आणि पोलिसांच्या गोळीबारात तेही तिथेच ठार झाले. त्याच न्यायालयात ९ डिसेंबरला स्फोट झाला. जून २०२३ मध्ये लखनौच्या न्यायालयात संजीव जीवा या आरोपीचा खून झाला. तिथला मारेकरीही वकिलाच्याच वेशात होता, आणि त्या गोळीबारात एक चिमुकली जखमी झाली. पोलीस दल वेगळे, शहर वेगळे, पण आत शिरण्याची युक्ती तीच. रोहिणीत जे कळले ते लखनौच्या फाटकापर्यंत पोहोचवण्याचे काम कोणाच्या टेबलावर होते? कोणाच्याच नव्हते. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच.

दिल्ली उच्च न्यायालयातही असेच घडले. मे २०११ मध्ये आवाराबाहेर कमी तीव्रतेचा स्फोट झाला आणि त्याच वर्षी ७ सप्टेंबरला पाच क्रमांकाच्या फाटकाशी मोठा स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे गेली. ती माणसे प्रवेशपासासाठी ताटकळत उभी होती. तपासणी कडक करायची म्हणून फाटकासमोर रांग लांबवली तर ती रांगच हल्ल्याचे लक्ष्य होते. रांग कुठे लागावी, तिला आडोसा कोणता, पास किती मिनिटांत मिळावा, वाहनतळ भिंतीपासून किती दूर असावा, हे सगळे इमारतीचा नकाशा काढतानाच ठरवावे लागते. उद्घाटन झाल्यावर दोन चौकटी आणून बसवल्या की काम झाले, असे होत नाही.

आता नागपूरबद्दल. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात अक्कू यादवला जमावाने भर दिवसा ठार मारले. त्या जमावात कस्तुरबा नगरच्या महिला होत्या. खून, बलात्कार, खंडणी यांनी त्याने ती वस्ती वर्षानुवर्षे छळली होती आणि तक्रारी करूनही बायकांना संरक्षण मिळाले नव्हते. खटल्यातल्या आरोपींची पुढे २०१४ मध्ये पुराव्याअभावी सुटका झाली. आमच्याकडे आजही या घटनेवर दोन बाजूंनी वाद होतो. मला त्यात न्यायालयाच्या सुरक्षेचे दुहेरी अपयश दिसते. पोलीस कोठडीतला माणूस न्यायालयाच्या छताखाली मारला गेला, हे तर अपयश आहेच. पण त्याआधी कितीतरी वर्षे त्या बायकांना ही इमारत आपल्यासाठी सुरक्षित वाटली नव्हती, हे अपयश त्याहून मोठे आहे. त्या इमारतीत येऊन निर्भयपणे साक्ष देता येईल असा भरवसा त्यांना असता, तर इतिहास कदाचित वेगळा असता.

म्हणून सुरक्षेचा विचार बंदुकीपासून सुरू न करता साक्षीदाराच्या बाकापासून सुरू करावा, असे मला वाटते. बलात्काराच्या खटल्यातली मुलगी पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात बसलेली असते. समोरच्या बाकावर आरोपीचा भाऊ, मामा आणि चार मित्र असतात. ते तिला काही बोलत नाहीत, फक्त बघत राहतात. दुपारपर्यंत तिच्या आईचा धीर सुटलेला असतो आणि मुलगी पिंजऱ्यात उभी राहते तेव्हा तिला काही आठवत नाही. साक्षीदार फितूर झाला, अशी नोंद होते. या व्हरांड्यात ना कोणाकडे शस्त्र होते ना कोणी धमकी दिली, त्यामुळे कोणत्याही सुरक्षा अहवालात हा प्रसंग येणार नाही. असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्षकेंद्रे उभारण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात दिला. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ मध्येच मंजूर झाली आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही राज्यांवर तशी योजना करण्याचे बंधन घातले आहे. ही कामे फाटकावरच्या बंदोबस्ताहून वेगळी मानली जातात. ती एकाच प्रमुखाच्या हाताखाली हवीत.

११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रद्युम्न बिष्ट प्रकरणात जिल्हा न्यायालयांच्या सुरक्षेबाबत सविस्तर निर्देश दिले. उच्च न्यायालयांनी गृह विभागाचे प्रधान सचिव आणि पोलीस महासंचालक यांच्याशी विचारविनिमय करून सुरक्षा आराखडा करावा, प्रत्येक संकुलाला कायमस्वरूपी सुरक्षा पथक असावे, कॅमेरे असावेत, तातडीचे वैद्यकीय साहाय्य मिळावे, असे ते निर्देश आहेत. ते योग्यच आहेत. प्रश्न पुढचा आहे. अमुक राज्यातल्या अमुक तालुक्याच्या न्यायालयात ते पथक खरोखर उभे आहे का, हे स्वतः जाऊन कोण पाहणार? नसेल तर कोणाला जाब विचारणार? न्यायालय आदेश देऊ शकते, पण रोज उठून फाटकांची पाहणी करणे हे खंडपीठाचे काम नव्हे.

पोलीस हा राज्यांचा विषय आहे, हे उत्तर मला ठाऊक आहे. धनबादचे न्यायाधीश उत्तम आनंद यांना जुलै २०२१ मध्ये सकाळी फिरायला गेले असताना रिक्षाने उडवून मारण्यात आले. त्यानंतरच्या सुनावणीत केंद्राने हीच भूमिका घेतली होती की, न्यायालयांसाठी राष्ट्रीय दल उभारणे योग्य ठरणार नाही. ती भूमिका मी मान्य करते. धनबादचा न्यायाधीश कोणत्या रस्त्याने चालतो आणि त्याच्यापुढे कोणाचे खटले आहेत, हे तिथल्या पोलिसांनाच अधिक कळणार. मी दल मागत नाही. मानके ठरवणारे आणि ती पाळली जातात की नाही हे तपासणारे कार्यालय मागते आहे.

तसे कार्यालय देशाने एका क्षेत्रात उभे केलेलेही आहे. १९७६ च्या विमान अपहरणानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक सुरक्षेचा कक्ष, म्हणजे आजचा नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो, स्थापन झाला. १९८५ मध्ये कनिष्क विमानाचा घात झाला आणि १९८७ पासून त्या ब्यूरोला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला. विमानतळावर जवान केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा असो वा राज्य पोलिसांचा, मानके ब्यूरोची असतात. तिथे वैमानिकाचीही तपासणी होते आणि त्यात त्याला अपमान वाटत नाही. संसदेचे उदाहरण तर ताजे आहे. १३ डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेत दोघांनी प्रेक्षक सज्जातून उड्या मारल्या आणि २०२४ च्या मे महिन्यात सुरक्षेची सारी व्यवस्था बदलली गेली. निर्णय घेऊ शकेल असे कोणीतरी तिथे होते, म्हणून हे घडले.

न्यायालयांच्या बाबतीत मात्र एक पथ्य कसोशीने पाळावे लागेल. हा प्रमुख गृह खात्याच्या हाताखाली नको. देशातला सर्वांत मोठा पक्षकार सरकारच आहे. न्यायाधीशांच्या दालनात कोण आले, कोणता वकील कोणाशी बोलला, कोणता साक्षीदार कुठे बसला, याचे चित्रण पोलिसांच्या ताब्यात राहणे हा न्यायालयाच्या स्वातंत्र्यालाच धोका आहे. नेमणूक सरन्यायाधीशांच्या संमतीने व्हावी, मुदत ठरलेली असावी, अहवाल सर्वोच्च न्यायालयाला आणि त्या त्या उच्च न्यायालयाला जावा. निधी मात्र आपल्या मंत्रालयाने द्यावा, आणि तो वेगळ्या शीर्षाखाली, म्हणजे इमारतीच्या रंगरंगोटीत तो संपणार नाही.

आणि दार उघडेच राहिले पाहिजे. खुल्या सुनावणीचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी १९६६ साली मिरजकर प्रकरणात सांगितले, आणि तो खटला मुंबईचा होता. आधार कार्ड घरी राहिले म्हणून एखाद्या शेतमजुराला स्वतःच्या तारखेला आत सोडले नाही आणि त्याच्याविरुद्ध वॉरंट निघाले, तर तीही सुरक्षा व्यवस्थेचीच चूक धरावी. या प्रमुखाच्या अहवालात अशा तक्रारींचा हिशेब असावा.

मुद्देमालाच्या खोलीबद्दल थोडेसेच लिहिते. जुलै २०२२ मध्ये पाटण्याच्या दिवाणी न्यायालयात पुरावा म्हणून आणलेल्या स्फोटकाचाच स्फोट होऊन पोलीस जखमी झाले. जप्त गावठी कट्टे, दारू, रसायने नाझरच्या किंवा मुद्देमाल कारकुनाच्या भरवशावर वर्षानुवर्षे पडून असतात. बाहेरून काय आत येते हे पाहताना आत काय साठले आहे, याचीही पाहणी झाली पाहिजे.

आम्हा वकिलांची तपासणी झालीच पाहिजे. आमच्यातले काहीजण विरोध करतील, बहिष्काराचे ठराव होतील, हे मी जाणते. पण ६ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती वकीलच होती. कोट आणि ओळखपत्र ही हेतूची हमी नव्हे. तपासणी न्यायाधीशांच्या गाडीपासून आमच्या बॅगांपर्यंत सर्वांना सारखी असली, तर बार रूममध्ये तिची बाजू मी स्वतः मांडेन.

सरन्यायाधीश आणि पंचवीसही उच्च न्यायालयांचे मुख्य न्यायाधीश यांच्याशी बोलून आपण हा प्रस्ताव संसदेपुढे आणावा. आणि पद निर्माण झाले तर पहिल्या वर्षाची पाहणी दिल्ली-मुंबईपासून सुरू करू नये. ती तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांपासून करावी, जिथे कैद्यांसाठी वेगळा रस्ता नाही, साक्षीदारांना खोली नाही आणि फाटकावर एकच शिपाई आहे. पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने आगाऊ कळवू नये, सकाळी साडेदहाला पक्षकारांच्या रांगेत उभे राहावे.

कळावे.

आपली नम्र,
जिल्हा न्यायालयात वकिली करणारी एक नागरिक