पटाच्या जोडीची तयारी नुसत्या सेकंदांवरून ठरवू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पौष लागला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींच्या, बातम्या सुरू होतात, आणि अलीकडे मोठ्या पटाच्या आधी कोणत्या जोडीने सकाळच्या सरावात किती सेकंद घेतले, हेही छापून येऊ लागले आहे. पटाचा शौक असणाऱ्या आमच्यासारख्या वाचकांना ही माहिती हवीच असते. परंतु त्या एका आकड्यावर जोडीची किंमत चढते-उतरते, आणि आकडा मनासारखा आला नाही म्हणून मालक दुसऱ्या दिवशी पहाटे तीच जोडी पुन्हा पूर्ण ताकदीने पळवतो, हे आमच्या भागात नित्य पाहत असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी ही चार वर्षांच्या घोड्यांची २४०० मीटरची शर्यत १९४३ पासून होत आली आहे. तिच्या आधीच्या पहाटेच्या सरावाच्या वेळा वृत्तपत्रांत येतात, पण आकड्यापुढे एक शेरा असतो. एखाद्या घोड्याने ६०० मीटर ४० सेकंदांत कापले असतील, तर ते सहज कापले की स्वाराने रेटल्यावर कापले, हे तिथे लिहिलेले असते आणि जाणकार तो शेरा आधी वाचतात. लगाम आवळून धरलेला असतानाही ४० सेकंदांत आलेला घोडा आणि चाबूक दाखवल्यावर ४० सेकंदांत आलेला घोडा यांच्या तयारीत मोठे अंतर असते. शिवाय सकाळचा स्वार पुष्कळदा शर्यतीतल्या जॉकीपेक्षा वजनाने भारी असतो, घोडा कडेपासून लांबून वळवला की अंतर वाढते आणि वाळू भिजलेली असली की पाय जड पडतात. म्हणून शेवटच्या २०० मीटरमध्ये चाल टिकली का आणि थांबल्यावर धाप किती वेळात बसली, याकडे बघणारे लोकच घोड्याची तयारी बरोबर सांगतात.

आपल्या पटाला हे सगळे लागू पडते, उलट अधिकच लागू पडते. घोड्याला अंगभर घाम येतो आणि त्याने त्याचे शरीर लवकर निवते. बैलाला त्या मानाने घाम कमी येतो आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याला श्वासावर अधिक अवलंबून राहावे लागते. त्यामुळे पळून आलेल्या बैलाची कूस कशी हलते, हे घड्याळाइतकेच महत्त्वाचे आहे. तयार बैल दोन-चार मिनिटे जोरात श्वास घेतो आणि मग कुशीची हालचाल हळूहळू लांब व संथ होत जाते. तोंड उघडे, जीभ बाहेर आणि लाळ गळत असेल, तर त्या बैलावर ताकदीबाहेरचा ताण पडला आहे, मग घड्याळ काहीही सांगो. विश्रांतीतल्या बैलाची नाडी मिनिटाला साधारण ५० ते ७० पडते आणि शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूने बोट ठेवले की ती कोणत्याही शेतकऱ्याला मोजता येते. पळण्याआधी मोजावी, पळून आल्यावर मोजावी आणि पुन्हा पंधरा-वीस मिनिटांनी मोजावी. ती किती लवकर खाली येते, यातच तयारीचे उत्तर आहे.

जोडीत बैल दोन असतात, ही गोष्ट तर सेकंदांत अजिबात दिसत नाही. यंदा आमच्या शेजारच्या गावात नाल्याकाठच्या पट्टीवर एका गवळाऊ जोडीचा सराव पाहिला. वेळ उत्तम आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण अर्ध्या पट्टीनंतर डावा बैल जू पुढे नेत होता आणि उजव्याची मान तिरपी होऊन तो केवळ ओढला जात होता. जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचा एक हात सारखा त्या उजव्या बैलाच्या शेपटीकडे जात होता. जू उतरवल्यावर डाव्याने थोड्या वेळाने तुरीच्या कुटारात तोंड घातले. उजवा मात्र गव्हाणीपाशी नुसता उभा राहिला, पाण्यालाही त्याने तोंड लावले नाही, आणि त्याच्या खांद्यावर जुवाखाली हात ठेवला तर जागा गरम व किंचित सुजलेली लागली. सांजेपर्यंत त्याने रवंथ केला नव्हता. त्या जोडीचा आकडा मात्र गावभर झाला होता.

माझ्या मते जोडीची खरी परीक्षा गोठ्यात, सरावाच्या दुसऱ्या सकाळी होते. बैल आपणहून उठतो का, उठताना अंग ताणतो का, पहिली पावले मोकळी टाकतो की आखडत चालतो, रात्रीची ढेप (पेंड) संपली आहे का, शेण नेहमीसारखे आहे का, खुरांच्या वर हात फिरवल्यावर कुठे ऊब लागते का, हे जुने पटकरी न चुकता पाहत असत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद झाले आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळेपर्यंत बंदच राहिले. या काळात अनेक जाणती माणसे गेली, आणि नवी पोरे हातात मोबाइलचे घड्याळ घेऊनच या क्षेत्रात उतरली. त्यांचा दोष नाही. त्यांना दाखवणारे कोणी उरले नाही. २०२३ मध्ये घटनापीठाने पटांना मान्यता दिली ती बैलाला क्लेश होऊ नयेत यासाठी घातलेल्या अटी गृहीत धरूनच. शर्यतीपूर्वी पशुवैद्यकाची तपासणी होते हे योग्यच आहे, परंतु आठवडाभर रोज पहाटे दमवलेला बैल त्या दिवशी दहा मिनिटांच्या तपासणीत तंदुरुस्त दिसू शकतो.

म्हणून आपणास विनंती आहे की सरावाच्या बातमीत वेळेबरोबर पट्टीची लांबी, जमीन भुसभुशीत होती की घट्ट, कासरा ढिला होता की जोडी हाकलावी लागली, आणि दोन्ही बैलांची धाप किती मिनिटांत बसली, एवढे तरी आपल्या वार्ताहरांनी लिहावे. आयोजकांनीही नोंदणीच्या वेळी मालकाकडून मागील सात दिवसांतल्या सरावाची तारीखवार माहिती घ्यावी आणि ती तपासणीस आलेल्या पशुवैद्यकाच्या हाती द्यावी. तळेगाव दशासरसारख्या नामांकित पटाने ही पद्धत सुरू केली, तर बाकीचे पट ती उचलतील, अशी मला खात्री आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ