स्ट्राइकची गोष्ट साल्वादोरच्या दुकानातूनही सांगा

संपादक महोदय,
स. न.

क्रिप्टो पेमेंट कंपन्यांच्या तरुण संस्थापकांवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. त्यात स्ट्राइक आणि तिचा संस्थापक जॅक मॅलर्स यांना बरीच जागा मिळाली आहे. शिकागोच्या वायदेबाजारात मुरलेले घराणे, अर्धवट सोडलेले कॉलेज, आधी झॅप आणि मग स्ट्राइक या कंपन्या, असा तो प्रवास. जून २०२१ मध्ये मायामीच्या परिषदेत ‘एल साल्वादोर बिटकॉइनला कायदेशीर चलन करणार’ ही घोषणा करताना त्याचा कंठ दाटून आला, हेही आले आहे. लेख तिथे थांबतो, पण महत्त्वाचे सगळे त्यानंतर घडले. म्हणून हे पत्र.

मॅलर्सने हात घातलेला प्रश्न खरा आहे. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या छोट्या देशात परदेशातल्या, मुख्यतः अमेरिकेतल्या, नातेवाइकांकडून येणारा पैसा देशाच्या सकल उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक आहे. पाठवायची रक्कम जितकी लहान, तितके कमिशन अधिक बोचते. मी रत्नागिरी जिल्ह्यात बँकेच्या काउंटरवर नोकरी केली आहे. कुवेत-दुबईहून येणाऱ्या ड्राफ्टकडे घरची माणसे कशी डोळे लावून बसतात आणि कापलेल्या पैशांचा हिशेब किती बारकाईने विचारतात, हे मी पाहिले आहे. स्ट्राइकच्या पद्धतीत पाठवणारा डॉलर देतो, त्यांचे घटकाभर बिटकॉइन होतात, लायटनिंग नेटवर्क या बिटकॉइन झटपट पाठवण्याच्या वेगळ्या जाळ्यावरून ते पलीकडे जातात आणि घेणाऱ्याच्या हाती पुन्हा ओळखीचे चलन पडते. प्रत्येक छोटा व्यवहार ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या मुख्य सामायिक नोंदवहीत, नोंदवावा लागत नाही, म्हणून खर्च कमी. भाव वरखाली झाल्याची झळही गिऱ्हाइकाला लागत नाही. ही कल्पना मला आजही मोलाची वाटते.

या कल्पनेचे नुकसान सक्तीने केले. घोषणेनंतर आठवडाही उलटला नव्हता, तोच संसदेने ८४ पैकी ६२ मतांनी कायदा मंजूर केला. त्याच्या सातव्या कलमाने व्यापाऱ्यांना बिटकॉइन घेणे बंधनकारक झाले. ७ सप्टेंबर २०२१ रोजी अंमल सुरू झाला. त्याच दिवशी ‘चिवो’ हे सरकारी वॉलेट, म्हणजे बिटकॉइन ठेवण्या-पाठवण्याचे मोबाइल अ‍ॅप, काही तास बंद पडले आणि बिटकॉइनचा भावही कोसळला. सरकारने प्रत्येकाला ३० डॉलरचे बिटकॉइन दिले होते. बहुतेकांनी ते खर्च केले आणि वॉलेट सोडून दिले. परदेशातून येणाऱ्या पैशांपैकी क्रिप्टो वॉलेटमधून येणारा वाटा पुढे दोन टक्क्यांच्याही खाली राहिला. म्हणजे ज्या कामासाठी हा सारा खटाटोप, तेच काम लोकांनी जुन्या वाटेनेच चालू ठेवले! शेवटी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या १.४ अब्ज डॉलरच्या कर्जापायी जानेवारी २०२५ मध्ये ही सक्ती काढून टाकावी लागली.

चिवो मॅलर्सचे नव्हते आणि त्याचा दोष मी त्याला देणार नाही. पण घोषणा त्याच्या तोंडून झाली आणि स्ट्राइकचे नाव त्याच घोषणेने जगभर पोहोचले. एप्रिल २०२५ मध्ये ‘ट्वेंटी वन कॅपिटल’ची घोषणा झाली, तिचा प्रमुखही मॅलर्सच. ४२ हजारांहून अधिक बिटकॉइन घेऊन सुरू होणारी ही कंपनी ते साठवण्यासाठीच काढलेली. उद्या महाग होणार म्हणून जी वस्तू जपून ठेवायची, ती आज भाजीवाल्याला कोण देईल? ‘पैसा जलद आणि स्वस्तात पोचवा’ म्हणणारा माणूस ‘बिटकॉइन साठवा’ म्हणणाऱ्यांचा चेहरा झाला, याचे मला मनापासून वाईट वाटते. लेखात यावर एक ओळ हवी होती.

आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि व्यवहारावर एक टक्का टीडीएस कापला जातो. त्यामुळे बिटकॉइनने किराणा घेण्याचा प्रश्न इथे तूर्त येत नाही. परदेशातून येणाऱ्या पैशांचा प्रश्न मात्र आपलाही आहे. जगात असा पैसा सर्वाधिक भारतात येतो. २०० डॉलर पाठवण्याचा जगातला सरासरी खर्च अजून सहा टक्क्यांवर आहे. संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली आणण्याचे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपले यूपीआय सिंगापूरच्या ‘पेनाऊ’ या तशाच पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेला जोडले गेले, तेव्हा थेट खात्यातून खात्यात पैसे जाण्याची सोय झाली. त्यात बिटकॉइन कुठेच नव्हते.

पुढच्या वेळी अशा कंपनीवर लिहाल तेव्हा संस्थापकाच्या चरित्रासोबत एक चौकट द्यावी, ही विनंती : शंभर रुपये पाठवले तर घरी किती पोचतात, किती वेळात पोचतात आणि व्यवहार अडकला तर दाद कुणाकडे मागायची.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, रत्नागिरी