सफा मशिदीला सिमेंट नको

महोदय,

पावसाळा सरला की गोव्यातल्या फोंड्याच्या सफा मशिदीच्या शेवाळलेल्या भिंती पाहून ‘एकदाचे सिमेंट मारून टाका’ असा सल्ला हमखास ऐकू येतो. तो घातक आहे. विजापूरच्या अली आदिलशहाच्या काळातली, १५६० सालची ही वास्तू जांभ्या चिऱ्याची. चिरा सच्छिद्र असतो. पावसात तो पाणी पितो आणि ऊन पडले की चुन्याच्या गिलाव्यातून सोडून देतो. सिमेंटने ही वाट बुजली की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, चिऱ्याचा भुगा होऊ लागतो आणि गिलाव्याचे पोपडे निघतात. सांध्यातला पिंपळ ओढून उपटणेही तसेच. मुळासोबत चिराही हलतो. रोप कोवळे असतानाच कापावे, मूळ मारावे, सांधा चुन्याने भरावा.

घुमटाऐवजी उतरते कौलारू छप्पर हे आपल्या पावसाला दिलेले सरळ उत्तर. (विजापुरी घुमट इथे किती टिकला असता?) भोवतीच्या अष्टकोनी खांबांचे अवशेष आणि शेजारची चिरेबंदी तळी मात्र दुर्लक्षित राहतात. तळीच्या भिंतीतल्या मेहराबी कमानी पाणी उतरल्यावर नीट दिसतात. पाहणी करायची तर तेव्हाच.

– काही वास्तुप्रेमी वाचक, फोंडा