माराकाइबोचं तेल आणि जकातीचा हिशेब

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

व्हेनेझुएलात एवढं तेल असून देशाची ही दशा का, असं तू परवा फोनवर विचारलंस आणि तेवढ्यात तुझ्याकडे पाहुणे आले. आजच्या राजकारणात मी शिरत नाही. पण तेल निघू लागलं त्या पहिल्या काही वर्षांची गोष्ट सांगतो. तिच्यात तुझ्या, म्हणजे कस्टम्सवाल्यांच्या, जातकुळीचा एक माणूस आहे.

माराकाइबो सरोवराच्या काठी तेल पूर्वीपासून आपोआप पाझरायचं. स्पॅनिश खलाशी ते डांबर होड्यांच्या फटी बुजवायला वापरत. 1878 मध्ये ताचिरा प्रांतात मानुएल पुलिदो आणि मंडळींनी छोटी कंपनी काढली. ते रॉकेल काढून आसपास विकत, पण तो सगळा घरगुती मामला. मोठा धंदा सुरू झाला 1914 मध्ये, शेलच्या कंपनीला मेने ग्रांदेला तेल लागलं तेव्हा. लगेच महायुद्ध पेटलं आणि गाडी रखडली.

मग 14 डिसेंबर 1922. सरोवराच्या पूर्व काठावर काबिमास नावाचं गाव. तिथली बारोसोस नंबर दोन ही विहीर आधी अर्धवट सोडून दिलेली. ती पुन्हा खणायला घेतली आणि एकदम फुटली. काळा फवारा डेरिकच्याही (विहिरीवरच्या उंच मनोऱ्याच्याही) वर गेला, घरांवर, झाडांवर तेलाचा पाऊस. रोज अंदाजे 1 लाख बॅरल, तेही सलग नऊ दिवस! शेवटी वाळूनेच ती आपोआप बुजली. गावकरी म्हणतात, संत बेनितोची मूर्ती ढोल वाजवत तिथवर नेली म्हणून थांबली. त्यांचं त्यांच्यापाशी.

त्यानंतर अमेरिकन कंपन्यांची झुंबड उडाली. 1921 मध्ये देशाचं वर्षाचं उत्पादन जेमतेम 14 लाख बॅरल होतं, ते 1929 मध्ये 13.7 कोटींवर गेलं. उत्पादनात अमेरिकेखालोखाल नंबर, निर्यातीत पहिला. कॉफी आणि कोको मागे पडले. डेरिक काठावरून थेट पाण्यात उतरले. तिथे लाकडी खांब किडे पोखरून टाकत, म्हणून काँक्रीटचे खांब ठोकावे लागले.

गंमत पुढे आहे. सरोवराच्या तोंडाशी वाळूचा बांध, मोठी जहाजं आत येईनात. मग उथळ तळाच्या बोटींतून कच्चं तेल डच मालकीच्या कुरासाव आणि अरुबा बेटांवर न्यायचं आणि तिथे शुद्ध करायचं. म्हणजे मोठे कारखाने, पगार, बंदराची कमाई, सगळं शेजारच्या अंगणात. हुकूमशहा हुआन विसेंते गोमेझलाही ते सोयीचं होतं म्हणतात, हजारो कामगार आपल्या डोक्यावर एका जागी नकोत! गोमेझने 1908 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1935 पर्यंत देश मुठीत ठेवला. तेलाचे परवाने तो नातलगांना आणि मर्जीतल्यांना द्यायचा, ते लोक कंपन्यांना विकून मोकळे. एक घमेलं माती न उचलता माणसं गब्बर झाली.

आता तुझा माणूस. गुमेर्सिंदो तोरेस. पेशाने डॉक्टर, पण गोमेझने त्याला विकासमंत्री केलं. याने बसून तेलाचा अभ्यास केला आणि 1920 मध्ये देशाचा पहिला तेल कायदा आणला. कंपन्यांनी आरडाओरडा केला. गोमेझने कायदा बदलायला घेतला आणि मसुद्यात कंपन्यांच्या वकिलांचा हात चालू दिला. 1922 चा सैल कायदा झाला, तोरेसची उचलबांगडी झाली.

1929 मध्ये त्याला पुन्हा बोलावलं. या वेळी त्याने दप्तरं उघडली. कंपन्या बाहेरून जी यंत्रं, पाइप आणि इतर माल आणत, त्यावर त्यांना जकात माफ होती. तोरेसने ती माफ झालेली रक्कम एकीकडे आणि सरकारला मिळालेली रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या तेलातला सरकारचा वाटा, दुसरीकडे मांडली. काही वर्षांच्या हिशेबात माफीचा आकडाच मोठा निघाला! म्हणजे तेल त्यांनी न्यायचं आणि वर आपणच पैसे मोजायचे. हे त्याने सरकारी अहवालात छापलं, आणि तेही गोमेझच्या राज्यात. 1931 मध्ये त्याला दुसऱ्यांदा घरी बसवलं. मला विहीर फुटण्यापेक्षा हा प्रसंग मोठा वाटतो. देशाला काय मिळणार आणि काय नाही, ते काबिमासपेक्षा त्या कागदांवर जास्त ठरलं.

तू कस्टम्समध्ये जन्म काढलास, म्हणून विचारतो. प्रकल्पाच्या यंत्रांवर सूट दिली की पुढे त्यातून सरकारला किती परत आलं, याचा ताळा तुमच्याकडे कुणी घ्यायचं का? की फाइल बंद, विषय संपला? सविस्तर लिही, फोनवर नको. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरुण