समुद्राला संरक्षण, मग नाल्याचे काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

खोल समुद्राच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार 17 जानेवारी 2026 पासून लागू झाला. भारताने त्यावर 2024 च्या सप्टेंबरातच सही केली आहे. कोणत्याच देशाच्या हद्दीत न येणाऱ्या पाण्यात राखीव क्षेत्रे ठरवण्याची सोय त्यामुळे झाली. उत्तम. पण समुद्रातली बरीचशी घाण जमिनीवरून येते आणि तिचा बंदोबस्त हा करार करत नाही. 1982 च्या सागरी करारातले कलम 207 त्यासाठी आहे खरे. पण तेही प्रत्येक देशाने आपापले कायदे करावेत, एवढ्यावरच भागवते. म्हणजे घोंगडे पुन्हा आपल्याच गळ्यात.

नाशिकचे पाणी तर दोन्ही समुद्रांना जाते. त्र्यंबकच्या डोंगरांतून वैतरणा अरबी समुद्राकडे उतरते आणि गोदावरी साडेचौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. पुलावरून जाता जाता दुचाकी न थांबवता निर्माल्याची पिशवी गाठीसकट भिरकावणारे आपण सगळेच पाहतो. पिशवी पाणवेलीत अडकते, पूर आला की दोन्ही पुढे; तिथून जायकवाडीकरांचे नशीब! नासर्डी आणि वाघाडी या शहरातल्या उपनद्यांचे पाणी ज्या रंगाने गोदेत उतरते, ते पाहून तर आचमनाला हात पुढे होत नाही.

यावर उपाय म्हणून निसर्गाला कायदेशीर हक्क द्या म्हटले की ‘परदेशी खूळ’ म्हणून हसण्यावारी नेले जाते. पण आपल्याकडे देवाच्या नावावर जमिनी असतात, देव दावा लावतो, वहिवाटदार त्याच्या वतीने कोर्टात उभा राहतो. मग नदीचेच वावडे का? उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च 2017 मध्ये गंगा-यमुनेला असा कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिलाही. पण नद्यांच्या वतीने उभे राहणारे पालक नेमले सरकारी अधिकारी! पुराने नुकसान झाले तर भरपाई कोणाकडून मागायची, असे प्रश्न घेऊन राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलैत स्थगिती मिळाली.

त्याच मार्चमध्ये न्यूझीलंडने वांगानुई नदीसाठी रीतसर कायदा केला. तिथे पालक दोन: एक सरकारने सुचवलेला, दुसरा नदीकाठच्या माओरी जमातींनी. स्पेनमधले मार मेनोर हे खारे सरोवर शेतातल्या खतांच्या पाण्याने इतके नासले की 2019 मध्ये मासे तडफडत काठाला आले. 2022 च्या कायद्याने आता त्याच्या वतीने कोणीही नागरिक कोर्टात जाऊ शकतो. मला हे जास्त पटते, कारण आपल्याच वरिष्ठांवर दावा लावणारा अधिकारी मी तरी पाहिलेला नाही.

2027 च्या सिंहस्थासाठी घाट-रस्ते होतीलच. त्याबरोबर राज्याच्या हद्दीतल्या गोदेसाठी विधिमंडळाने कायदा करावा. पालक मंडळात काठचे शेतकरी, मासेमार आणि पाण्याचे अभ्यासक बहुमतात असावेत आणि नाल्याचा नमुना तपासून थेट महापालिकेवर दावा लावण्याचा अधिकार त्यांना असावा. नाशिकच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात हा विषय काढावा, ही विनंती.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक