गुडघ्याची सूज चोळत बसू नका

संपादक साहेब, नमस्कार. हाडाच्या कॅन्सरवर तुमच्या आरोग्य पानात कधीतरी सविस्तर छापा ही विनंती, कारण ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर जास्त करून वाढत्या वयातल्या पोरापोरींना होतो आणि बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपासच, मग घरचे म्हणतात खेळताना लागलं असेल, कोणीतरी चोळून देतं, आणि त्यात महिने जातात. रात्रीचं दुखणं, वाढत जाणारी सूज असेल तर आधी एक्स-रे काढा हो, चोळणं तर अजिबात नको.

पूर्वी पाय कापणं हाच इलाज होता, आता केमो देऊन बऱ्याच जणांचा पाय वाचवता येतो. पण गाठ काढल्यावर हाडात जी पोकळी राहते ती भरायची कशानं? इथंच बायोमटेरियल, म्हणजे शरीरात बसवता येणारं साहित्य, येतं. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट म्हणजे आपल्या हाडातलंच खनिज, ते बनवून वापरतात. १९६९ मध्ये अमेरिकेत लॅरी हेंच यांनी हाडाला चिकटणारी काच शोधली, बायोग्लास. आता ब्रिटनच्या अ‍ॅस्टन युनिव्हर्सिटीत त्यात गॅलियम नावाचा धातू मिसळून बघतायत, कॅन्सरच्या पेशी मराव्यात आणि हाडही भरावं म्हणून. अजून लॅबमधलंच आहे, उद्या मिळेल असं नाही, पण मला याचं फार अप्रूप वाटतं.

बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, देशातली पहिली, म्हणजे आपल्या जिल्ह्याला हा विषय नवा नाही. तरी आपले पेशंट सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई गाठतात. निदान तपासणीची सोय कुठं, सरकारी योजनेत काय बसतं, एवढं तरी छापाच.

– एक वाचक, सोलापूर