इंजिन मागे घेताना

नागपूर, १२ मे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

इंजिन मागे सरकवायची तुझी आकडेमोड नीट वाचली. गाडी ९०० किलो, इंजिन १४० किलो, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २३० सेंटिमीटर आणि इंजिन सरकणार २० सेंटिमीटर. १४० गुणिले २० भागिले २३०, म्हणजे मागच्या चाकांवर जेमतेम १२ किलो जास्त. गाडीच्या वजनाच्या दीड टक्काही नाही. एवढ्यासाठी फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि ड्रायव्हरमधला पत्रा, कशाला कापायचा, असं तुमच्यातले काही म्हणून राहिले, ते समजतं. पण तुम्ही सगळे पुढच्या-मागच्या चाकांवर वजन ५०-५० टक्के करण्यातच अडकलात.

कावडीचे दोन्ही हंडे सारखे भरलेले असतात, तरी कावड घेऊन गर्रकन वळता येत नाही. तेच पाणी डोक्यावर घे, सहज वळशील. वळण्याला अडणारं जडत्व अंतराच्या वर्गाने वाढतं. इंजिनाचा मध्य आज गुरुत्वमध्याच्या १२० सेंटिमीटर पुढे धरू. सरकवल्यावर गुरुत्वमध्यही ३ सेंटिमीटर मागे येतो, तेव्हा अंतर राहतं १०३. दोन्हींचे वर्ग करून बघ: त्या जडत्वातला इंजिनाचा वाटा पाव हिश्श्याने उतरला! स्टीअरिंग फिरवताच नाक वळतं ते यामुळे. मला हे गणित फार आवडतं, म्हणून तुझ्या बाजूने आहे.

इंजिन थेट सीटच्या मागे न्यायचा विचार मात्र यंदा सोड. १९५८ साली अर्जेंटिनातल्या फॉर्म्युला वन शर्यतीत स्टर्लिंग मॉस या ड्रायव्हरने कूपर कंपनीची, मागे इंजिन असलेली छोटीशी गाडी जिंकवली, १९५९ आणि १९६० ला जॅक ब्रॅबहॅम कूपरवरच जगज्जेता झाला, आणि थोड्याच वर्षांत पुढे इंजिन असलेल्या गाड्या फॉर्म्युला वनमधून गेल्या. खरं आहे. पण त्या गाड्या मुळातच तशा बांधल्या होत्या. आपली ओम्नीसुद्धा इंजिन पुढच्या सीटखाली ठेवून मागची चाकं फिरवायची. वळणावर ती कशी झुकते ते तुला माहीत आहे. तुम्हाला गिअरबॉक्स, गिअरची जोडणी, रेडिएटरचे लांब पाइप, सगळं नव्याने करावं लागेल. शिवाय अशी गाडी जितकी चटकन वळते, तितकीच चटकन गिरकी घेते. भर वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागची चाकं सुटतात. तुमच्यापैकी कुणालाच त्याची सवय नाही, आणि तू त्या सीटवर असणार आहेस.

२० सेंटिमीटरनेही पाय एक्झॉस्टच्या जवळ येतील. इथे आज पारा ४५ वर आहे; अशा उन्हात ट्रॅकवर गाडी काढाल तर पायांशी काय होईल याचा विचार कर. फायरवॉलला उष्णता अडवणारी हीट शील्ड लावल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. आणि गाडी फक्त ट्रॅकवर. कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीशी जुळणार नाही असा बदल करून रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही.

कापण्याआधी चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून मोज, ड्रायव्हर बसवून. इंजिन खालीही घेता येतं का बघ, पण ऑइल चेंबर जमिनीला लागू देऊ नका.

इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, आखूड करायचं काम माझ्याकडे दे. हिंगण्याला आपल्या वर्कशॉपमध्ये कापून, वेल्ड करून, बॅलन्स करून पाठवतो. माप मात्र इंजिन नव्या माउंटिंगवर बसल्यावर आणि गाडी चाकांवर उभी असताना घे, जॅकवर असताना नाही.

तुझे,
बाबा